काकूंनी बोट दाखवलं की

आमच्या घरी कोणी पहिल्यांदा जेवायला आलं की चपला काढतं, घर छान आहे म्हणतं आणि स्वयंपाकघराकडे बघत "काही मदत करू का?" असं उगाच विचारतं. रणदिवेकाका पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले. खिशातून नाकात घालायच्या औषधाची एक जुनी बाटली काढली, ती दाबली आणि तिच्यातून उडालेली राख कुठे जाते ते शांतपणे बघत राहिले. राख माझ्या बायकोच्या, माधवीच्या, नव्या कोऱ्या गालिच्यावर जाऊन बसली.

"वारा डावीकडून आहे," काका म्हणाले. मग सगळा हॉल ओलांडून पार उजव्या कोपऱ्यात गेले आणि सोफा, खुर्च्या सगळं सोडून चपलांच्या मांडणीवर बसले. "आता कसं! तुमचा सगळ्यांचा वास मला येतोय, माझा कुणालाच नाही."

काकू मागून आल्या, माधवीच्या हातात लाडवांचा डबा दिला आणि हळूच म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. शिकार करतात. डिसेंबर जवळ आला की असं होतं."

मी मूळचा नागपूरचा. शिकारीच्या गोष्टी लहानपणी भरपूर ऐकल्या, पण त्या सगळ्या सांगणाऱ्याच्या आजोबांच्या असायच्या. कंप्युटरसमोर बसून पगार घेणाऱ्या मराठी माणसांच्या गावात, आमच्या शेजारच्या घरात, एक जिवंत शिकारी राहतो आणि तोही तिरकमठ्यानं शिकार करतो, हे पचायला मला वेळ लागला. गाव म्हणजे टूसॉन. अॅरिझोनाच्या वाळवंटातलं. चारी बाजूंना डोंगर, आणि त्या डोंगरांवर माणसाएवढे, माणसाच्या दुप्पट, हात वर करून उभे असलेले निवडुंग. नवीन माणसाला वाटतं, आपल्याला कोणीतरी चहूबाजूंनी शरण आलंय.

काका साठीला टेकलेले, मूळचे रोह्याचे. बुटके, सावळे, गुडघे कुरकुरणारे. एका कंपनीत दुर्बिणीची भिंगं घासायचं काम करत. म्हणजे आता मशीन घासायचं आणि काका मशीनवर डाफरायचे. एकुलता एक मुलगा तिकडे बॉस्टनला. मी एकदा विचारलं, "काका, अहो बंदूक नाही का घ्यायची? सोपं पडेल."

"आलो तेव्हा व्हिसावर होतो रे. बंदूक म्हटली की शंभर भानगडी. धनुष्याला कोणी कुत्रं विचारत नव्हतं. घेतलं. पुढे ग्रीन कार्ड आलं, पण तोवर हात बसला होता."

ते धनुष्यही पुराणातलं नव्हे. दोन्ही टोकांना कप्प्या, त्यावरून फिरणाऱ्या तारा, मधे नेम धरायला मणी. रोज सकाळी अंघोळीच्या आधी काका मागच्या अंगणात बाण मारत. लक्ष्य म्हणून बासमतीच्या तागाच्या पिशव्या एकात एक घालून त्यात जुने कपडे ठासून भरलेले. एकदा काकूंना त्या पोत्यातून जांभळा काठ डोकावताना दिसला. ती त्यांची मंगळागौरीची साडी निघाली. त्या दिवशी आमच्या कुंपणापलीकडून जे ऐकू आलं त्यावरून साहेबांपेक्षा काकांचीच शिकार जवळ आली होती.

साहेब म्हणजे हरीण. काका हरणाला हरीण म्हणत नसत. कंपनीतल्या मोठ्यातल्या मोठ्या बॉसला ते "अरे बॉब, तुला कळत नाही" असं ठणकावून सांगत, पण हरणाचा उल्लेख मात्र "साहेब उठले", "साहेब चरतायत", "साहेबांना आपलं येणं पसंत पडलं नाही" असाच. इथल्या डोंगरात पांढऱ्या शेपटीची जी हरणं आहेत ती आपल्या बकरीपेक्षा थोडीच मोठी आणि अंगानं अगदी दगडाच्या रंगाची. समोर उभं असलं तरी दिसत नाही. दिसलं तरी पापणी लवली की नाही. इथले जुने शिकारी त्याला भूतच म्हणतात.

"मग ते सापडतं कसं?" मी विचारलं.

"बसून," काका म्हणाले. "शिकार म्हणजे बसणं. समोरच्या डोंगराकडे दुर्बीण लावून बसायचं. पहिल्या तासात डोंगर दिसतो. दुसऱ्या तासात झाडं दिसतात. तिसऱ्या तासात झाडांच्या सावल्या मोजता येतात. मग कधीतरी एका सावलीचा कान हलतो. तोपर्यंत आपण कोण, कुठले, इथे कशाला आलो, हे सगळं विसरायला झालेलं असतं. धनुष्य आपलं असंच रे, हातात काहीतरी असावं म्हणून."

हे सांगताना ते आमच्या किचनच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचा चहा गार होत होता. मला त्या क्षणी उठून त्या डोंगरात जाऊन बसावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, त्यामुळे ते राहिलं.

डिसेंबर लागला की रणदिव्यांकडे फोडणी बंद. म्हणजे कायद्यानं बंद. काकांचं म्हणणं, हिंगाचा वास कपड्यात बसतो, कपड्यातून डोंगरावर जातो, आणि साहेबांचं नाक आत्याबाईंसारखं असतं, काय शिजलं आणि कोणी शिजवलं ते मैलभरावरून सांगतं. शिकारीचे कपडे घराबाहेर एका पेटीत, वाळवंटातल्या झुडपांचा पाला घालून ठेवलेले. काका साबण लावत नसत. आल्याचा चहा घेत नसत. दोन महिने त्या घरात उकडलेलं, वाफवलेलं आणि नशिबाला दोष देत गिळलेलं अन्न चालायचं.

काकू याला कंटाळल्या, पण भांडल्या नाहीत. एका दुपारी त्या वरणाचं पातेलं घेऊन मागच्या दारानं आमच्याकडे आल्या. "माधवी, गॅस मोकळा आहे का गं?" मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "तुझ्याकडे जुनापाना काही घालायला आहे? वरून घालायला?"

माधवीनं कोल्हापूरहून आणलेला आणि या गावात एकदाही न लागलेला रेनकोट दिला. काकूंनी तो गळ्यापर्यंत बटणं लावून घातला, टोपी डोक्यावर ओढली आणि आमच्या गॅसवर मोहरी, हिंग, लसूण, कढीपत्त्याची अशी काही खणखणीत फोडणी केली की आमच्या घरातला धुराचा अलार्म वाजला. माझी मुलगी ईरा धावत आली. "Why is Kaku wearing a raincoat?" "बाहेर ढग आहेत ना बाळ," काकू म्हणाल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मग त्यांनी तिथेच ओट्यापाशी उभ्यानं वरणभात खाल्ला, तृप्त झाल्या, रेनकोट काढून घडी घातला आणि गेल्या. दर डिसेंबरात आठवड्यातून दोनदा तरी हा कार्यक्रम असायचा.

काकांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? ज्याला राईएवढा वारा कळतो त्याला लसूण कळणार नाही? संध्याकाळी कुंपणापाशी भेटले की ते मला म्हणायचे, "आज तुमच्याकडे आमटी झकास झालेली दिसते," आणि डोळे मिचकावून आत जायचे. काकूंना मात्र एका शब्दानं विचारलं नाही.

त्या राखेच्या बाटलीचीही कथा आहे. वारा बघायला इथले शिकारी हलकी पूड उडवतात. बाटली दाबायची, पूड जिकडे जाईल तिकडे वारा. दुकानात ती मिळते. पण रोह्याचा माणूस दुकानातून पूड विकत घेईल? काकांनी काकूंच्या दिवाळीच्या सामानातली रांगोळी भरली. पहिलं अख्खं वर्ष डोंगरात कुठेही गेलं आणि बाटली दाबली की रांगोळी सरळ खाली पायावर. "वारा पडलाय," काका म्हणत आणि बिनधास्त पुढे जात. साहेब अर्ध्या मैलावरून शेपूट वर करून पसार. वर्षभर असं झालं. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती वादळात सुद्धा खालीच पडणार, हे या भिंगवाल्या इंजिनियरच्या लक्षात आलं नाही. आलं ते काकूंच्या. "अहो, राख घ्या की बाहेरच्या शेगडीतली. कशाला माझी रांगोळी डोंगराला घालताय?"

दुसरी गोष्ट काका स्वतः सांगतात, आणि दर वेळी तेवढेच चिडून. इथून मेक्सिकोची सरहद्द जवळ. डोंगरांत पहारा कडक. एका सकाळी काका साहेबांच्या मागे पोटावर सरपटत निघाले होते. सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात मागून "सर, डोन्ट मूव्ह!" बघतात तर हिरव्या गणवेशातले दोघं जवान. सावळा माणूस, चेहऱ्याला माती फासलेली, अंगावर पालापाचोळा, सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर पोटावर चाललेला. त्यांनी दुसरं काय समजायचं? कागद मागितले. काकांनी लायसन्स, परवाना, ग्रीन कार्ड, सगळं काढून दिलं आणि त्या दोघांना झाडलं, "माझ्या कागदांचं राहू द्या हो! पण तुम्ही वाऱ्याच्या बाजूनं आलात! ही काय पद्धत झाली?" ते बिचारे सॉरी म्हणाले. एकानं तर परत जाताना वळसा घालून वाऱ्याखालून जायचं कबूल केलं.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी शिकार मुळात काकूंची आहे.

पहिली काही वर्षं काका एकटेच जात आणि हात हलवत परत येत. एका रविवारी ते डबा विसरले, म्हणून काकू गाडी घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेल्या, चढून वर आल्या, डबा ठेवला, पदरानं घाम पुसला आणि समोर बघून म्हणाल्या, "अहो, ते दोन तुमचे साहेब नव्हेत?" काका पहाटेपासून त्याच डोंगराकडे दुर्बीण लावून बसले होते. काकूंनी नुसत्या डोळ्यांनी बघून बोट दाखवलं. "ते नाही का, त्या पिवळ्या गवताच्या वर. एक बसलाय, एक उभा."

"आयुष्यभर तांदूळ निवडले," काकू मला म्हणाल्या होत्या. "खड्याच्या रंगाचा तांदूळ आणि तांदळाच्या रंगाचा खडा. हरीण त्यापेक्षा केवढं तरी मोठं."

त्या दिवसापासून तिपाईवरची मोठी दुर्बीण काकूंची झाली. काका शेजारी छोटी दुर्बीण घेऊन बसत आणि वाट बघत. काकूंनी बोट दाखवलं की उठायचं, वळसा घालून वाऱ्याखालून जायचं, गुडघ्यावर, पोटावर, दोन दोन तास. बाण लागायचाच असं नाही, बहुतेकदा नाहीच. पण २००३ च्या जानेवारीत लागला. ओढ्यातून ते जनावर खांद्यावर घालून वर आणताना काकांची कंबर धरली ती पाडव्यापर्यंत. त्यांनी मराठी मंडळाला जेवायला बोलावलं. काळा मसाला, खोबऱ्याचं वाटण, बाहेर मेस्कीटच्या लाकडावर रटरटलेला रस्सा. मेस्कीट म्हणजे आपली वेडी बाभूळच, पण इथे तिच्या धुराला भाव आहे. निम्म्या मंडळींनी "हे लीगल आहे ना?" असं तीनतीनदा विचारून बटाट्याची भाजीच खाल्ली. बाकीच्या निम्म्यांनी वाट्या पुसून खाल्ल्या. काका प्रत्येकाला सांगत होते, "मी नुसता हमाल. शिकारी ही." आणि काकू लाजून पोळ्या वाढत होत्या.

त्यानंतर मात्र काही नाही. दर वर्षी जोडी डोंगरात जायची आणि रिकामी परत यायची. मंडळात थट्टा सुरू झाली. "काय काका, यंदा हरणाचा व्हिसा झाला का?" काका हसत. "थोडक्यात गेले हो साहेब. अगदी थोडक्यात." मग ते सांगत, सावली कशी होती, ऊन कसं उतरत होतं, साहेबांनी मान कशी वळवली. इतकं गोड सांगत की थट्टा करणाराही गप्प होऊन ऐकत बसे.

२००६ च्या दिवाळीनंतर एकदा कुंपणापाशी काकांनी मला थांबवलं. हातात बाण होते, पण मारत नव्हते.

"नागपूर," ते मला याच नावानं हाक मारतात, "जानेवारीत एक दिवस येशील का आमच्याबरोबर?"

"मी? काका, मला अंगणातलं मांजर दिसत नाही."

"तेच बरं आहे." त्यांनी बाण कुंपणाला टेकवले. "हिचे डोळे गेलेत रे. म्हणजे जातायत. मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं, जे बघायला जावं ते दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, आहे ते टिकवा. मी चंद्रावरचे खड्डे दिसतील अशी भिंगं केली, आणि याच्यावर भिंग नाही."

माधवीला थोडी कल्पना होती. काकू हल्ली मिठाचा डबा हुंगून बघत, फोडणीत मोहरी तडतडली की कानानं ओळखत. पण काकांच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"पण ती अजून बोट दाखवते," काका म्हणाले. "तिला वाटतं तिला दिसतं. सावली दिसते, दगड दिसतो, तिला वाटतं साहेब. मी जातो. जाऊन परत येतो आणि सांगतो, थोडक्यात गेले. आता तिला त्या कड्यावर एकटीला सोडून जायची भीती वाटते, म्हणून तू चल. पण एक लक्षात ठेव. ती जिकडे बोट दाखवेल तिकडे साहेब आहेत. आहेत म्हणजे आहेत. तिला कळता कामा नये. एवढी एकच गोष्ट तिच्याकडे उरलीय, ती माझ्यामुळे जायला नको. तुझ्या तोंडून चुकून काही गेलं तर याद राख."

मी हो म्हटलं. घरी येऊन माधवीला सांगितलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही निघालो. मला रात्रभर धास्ती. मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. मग आठवलं की आता त्यांना माझे कान दिसणार नाहीत, आणि त्या सुटकेचीच मला लाज वाटली.

कच्च्या रस्त्यानं गाडी जाईल तिथवर गेली. तिथून काका पुढे, काकू त्यांच्या पाठीवरच्या पिशवीचा बंद धरून मागे. बघणाऱ्याला वाटावं, बायको नवऱ्याला मागे ओढतेय. वर एका सपाट खडकावर आम्ही बसलो. सूर्य नुकताच वर आला होता. समोरचा डोंगर आधी निळा होता, मग जांभळा झाला, मग त्याच्या एकेका सोंडेवर ऊन उतरायला लागलं आणि मधल्या घळींत अजून पहाटच होती. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. कुठेतरी खाली ओढ्यात एक पक्षी दोनच सूर लावत होता, थांबत होता, पुन्हा तेच दोन. काकांनी काकूंच्या खाली गोधडी घातली, थर्मासमधला बिनआल्याचा चहा दिला, तिपाई लावली, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणली.

काकू दुर्बिणीला डोळे लावून बसल्या. हळूहळू, डावीकडून उजवीकडे, थोडं खाली, पुन्हा डावीकडे. अगदी सूप फिरवावं तशी त्यांची मान फिरत होती. काका डोंगराकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मी घड्याळ गाडीत विसरलो होतो, आणि थोड्या वेळानं घड्याळ ही काय चीज असते तेही विसरलो. सावल्या आखडत होत्या. एक ढग आला, डोंगरावरून सरकला, पलीकडे उतरून गेला. मला वाटलं आपण तिघं इथे कायमचेच बसलेलो आहोत आणि खालचं गाव, ऑफिस, घराचे हप्ते, हे कोणीतरी सांगितलेलं काहीतरी आहे.

"अहो," काकू म्हणाल्या.

काका ताठ झाले.

"समोरच्या सोंडेखाली, ओढ्याच्या अलीकडे, तीन ओकची झाडं आहेत बघा. मधल्याच्या सावलीत. बसलाय."

काकांनी मला दिलेली छोटी दुर्बीण मी तिकडे लावली. तीन झाडं होती. मधल्याच्या सावलीत एक करडा दगड होता, त्याच्यापाशी वाळकं गवत होतं, आणि बाकी काही नव्हतं.

"दिसले!" काका कुजबुजले. "बसलेत की. शिंगं काय आहेत! दिसले ना रे, नागपूर?"

"हो हो," मी म्हणालो. "मोठं आहे." माझे कान तापले.

काकांनी बाटली दाबली, राख बघितली, धनुष्य उचललं. "आलोच," म्हणाले आणि उतरून गेले. मी दुर्बिणीतून बघत राहिलो. ओढ्यापर्यंत झाडांआडून गेले. पुढे वाकून. मग गुडघ्यावर. मग चक्क पोटावर. मला वाटत होतं, आता तरी उभं राहून चाला हो काका, कोण बघतंय? पण नाही. त्या दगडासाठी तो माणूस हातभर हातभर सरकत होता.

"गेले का हे?" काकूंनी विचारलं.

"गेले."

"लांब गेले?"

"ओढा ओलांडला."

काकूंनी दुर्बिणीवरून डोळे काढले आणि चोळले. "आता खरं सांग. काय आहे तिथे?"

"हरीण आहे, काकू. मोठं..."

"मेल्या, तुला पण पढवलं का त्यांनी?" काकू खुदकन हसल्या. "दगड आहे. मधल्या झाडाखाली. आम्ही त्या दगडावर बसून कितीदा दशम्या खाल्ल्यात."

मी दुर्बीण खाली घेतली.

"मला काही दिसत नाही रे. या नळीतून तर पांढरं धुकं दिसतं. पण हा डोंगर मला पाठ आहे. कुठे घसरण आहे, कुठे काटा आहे, कुठे चांगली पायवाट आहे. ह्यांच्या डाव्या गुडघ्यात आता काही राहिलं नाही. म्हणून मी आपली चढ नसलेली जागा बघते, सावली असलेली, आणि तिथे बोट दाखवते. गेल्या वर्षी पलीकडच्या पठारावर पाठवलं होतं. तिथे ऊन फार लागलं त्यांना."

"पण मग कशाला काकू? त्यांना सांगून टाका ना."

"आणि? मला दिसत नाही म्हटलं की हे दुसऱ्या दिवशी धनुष्य गॅरेजमध्ये टांगतील. खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसतील. आज कितपत दिसतंय, आज किती दिसतंय. दिवसभर. मला नको ते." त्यांनी चाचपून पेला उचलला. "त्यांना वाटतंय ना मला दिसतं, वाटू दे. डोंगरात आले की कसे पोरासारखे होतात. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे."

सांगू की नको? दोघांनाही सांगावं, एकमेकांसमोर बसवावं आणि म्हणावं, अहो, हे काय चाललंय तुमचं? पण मी ते केलं नाही, आणि बरंच झालं. मी काकूंच्या पेल्यात चहा ओतला.

"आता कुठे पोचले?" काकूंनी विचारलं.

मी बघितलं. काका झाडापाशी पोचले होते. त्यांनी धनुष्य बाजूला ठेवलं, पँट झटकली आणि दगडावर बसले. आणि तेवढ्यात त्यांच्या मागच्या उतारावर, गवतातून एक सावली उठली. चार पाय, वर वळलेली शिंगं, राखाडी अंग, उन्हात एकदम चमकलेली पाठ. इतकं देखणं जनावर मी आयुष्यात बघितलं नाही. काकांपासून दगड मारावा इतक्या अंतरावर.

"काकू!" ओरडता ओरडता मी आवाज खाली आणला. "काकू, खरंच आलंय! काकांच्या मागे! केवढं आहे!"

"ह्यांना दिसलं?"

"नाही. पाठ आहे त्यांची. नुसतं मागे वळले तरी..."

"मग कुठे बघतायत?"

मी दुर्बीण थोडी खाली आणली. काका आमच्याकडे बघत होते. एवढ्या दूरवरून, मधे अख्खी दरी, त्यांचा चेहरा वरच्या खडकाकडे होता. मग त्यांनी हात वर केला आणि हळूहळू हलवायला लागले. कोणासाठी हलवत होते? तिला दिसत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी तर त्यांच्या खिजगणतीतही नव्हतो.

"इकडेच बघतायत, काकू. हात हलवतायत."

"हरीण?"

"उभं आहे अजून."

"असू दे त्याला." काकूंनी गोधडीवरून उठून पदर सारखा केला. "कुठल्या बाजूला आहेत हे? नीट सांग."

मी त्यांचे खांदे धरून थोडं डावीकडे वळवलं. काकूंनी हात वर केला आणि समोरच्या धुक्यात हलवायला लागल्या.

दरीपलीकडे काका दगडावरून उठून उभे राहिले. त्यांचा हात हवेतच थांबला. मग ते एक पाऊल पुढे आले, आणखी एक, आणि अगदी उन्हात येऊन उभे राहिले.

"बघितलं का त्यांनी?" काकूंनी विचारलं.

"बघितलं," मी म्हणालो. "आता दोन्ही हात हलवतायत."

"वेडे आहेत," काकू म्हणाल्या, आणि चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी दुसराही हात वर केला.